लहान उद्योगातील नवनिर्मिती : तिचा उगम आणि तिचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लखनौ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत किंवा संतपरंपरा यांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने कारखाने, दुकाने आणि कार्यशाळा यांविषयी बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत. आपण मराठी माणसे या शहरात बहुतेक नोकरीच्या निमित्ताने आलो. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी संशोधनसंस्थेत, तर कोणी अध्यापनात रमलो. उद्योगधंदा हा आपला प्रांत नव्हे, अशी एक समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. ती कितपत खरी आहे, हेही या निमित्ताने पाहावे असा हेतू आहे.

विषय असा, की लहान आणि मध्यम उद्योगांत, मग ते वस्तू घडविणारे असोत की सेवा पुरविणारे, नवे काही घडते ते कशाच्या बळावर? याची चर्चा करण्यास लखनौइतके योग्य स्थळ दुसरे कोणते असणार? लहान उद्योगांना अर्थसाहाय्य करणारी देशातील प्रमुख बँक, भारतीय लघु उद्योग विकास बँक, २ एप्रिल १९९० रोजी स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय याच शहरात आहे. ज्या चौकाच्या गल्ल्यांतून आपण पाहुण्यांना चिकनचे कुर्ते घेऊन देतो, त्या गल्ल्याही लहान उद्योगाचे एक विराट विद्यापीठच आहेत. एकीकडे भांडवल, दुसरीकडे कसब. मग नवनिर्मिती आपोआप होते काय? तसे होत नाही, आणि का होत नाही हाच आजचा खरा प्रश्न आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. नवनिर्मिती म्हणजे केवळ शोध नव्हे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर यांनी असे प्रतिपादन केले की, उद्योजकाचे कार्य म्हणजे उपलब्ध गोष्टींची नवी जुळणी करणे. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा पुरवठा आणि उद्योगाची नवी संघटना, असे पाच प्रकार त्यांनी सांगितले. यांपैकी एकाही प्रकाराला प्रयोगशाळा अनिवार्य नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोठ्या कंपनीत संशोधनाचा स्वतंत्र विभाग असतो. लहान कारखान्यात मालकच संशोधक, मालकच विक्रेता आणि पुष्कळदा मालकच हिशेबनीस असतो. तेथे नवी कल्पना निघते ती कामाच्या ओघात.

आता आपल्याच माणसांकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टीचा दोष निघाला. तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्याने नोकरी सोडून ते बेळगावास बंधूंकडे आले. तेथे सायकलींचे दुकान होते. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्त करावी लागते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राचे पोट उघडून पाहावे लागते. या पोट उघडून पाहण्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

नांगर तयार झाला खरा, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. या दोन वर्षांत आमच्या मते आजच्या विषयाचे सगळे मर्म साठविलेले आहे. वस्तू चांगली असणे पुरेसे नसते. ती वापरणाऱ्याच्या मनात भय असेल, तर ते भय दूर करणे हाही निर्मितीचाच भाग ठरतो. किर्लोस्करांनी हे पुरते ओळखले होते. म्हणूनच १९२० साली त्यांच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते पुढे महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनाचा एक आधार झाले. नांगर घडविणाऱ्याने मासिक काढावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु ग्राहकाशी बोलत राहणे ही ज्याला गरज वाटली, त्याला छापखाना हे भट्टीइतकेच जरुरीचे अवजार वाटले, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट पाठिंब्याची. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ३२ एकरांचा ओसाड माळ दिला आणि कर्जही दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेबांनी दिलेल्या पैशापेक्षा त्यांनी दिलेला अवधी अधिक मोलाचा होता, असे आम्हांस वाटते. ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी घाई करणारा सावकार कोणत्याही नव्या उद्योगाचा घात करतो. नव्या वस्तूला प्रथम अपयश येणारच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ते घाव सोसण्याच्या काळात जो हप्त्यासाठी दार ठोठावत नाही, तोच खरा भांडवलदार.

तिसरी गोष्ट शिक्षणाची, आणि येथे महाराष्ट्र व हा प्रांत यांचे एक विस्मृतीत गेलेले नाते पुढे येते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. त्याची तांत्रिक धुरा ज्यांनी वाहिली, ते ईश्वरदास वार्ष्णेय हे याच संयुक्त प्रांतातील गृहस्थ. जपान आणि अमेरिका येथे जाऊन त्यांनी काचविद्या संपादन केली होती. महाराष्ट्रातल्या लोकांचा पैसा आणि गंगा-यमुनेच्या अंतर्वेदीतली विद्या तळेगावच्या भट्टीत एकत्र आली. वार्ष्णेय पुढे या प्रांतातील बहजोई येथे काच कारखाना उभारण्यास परतले. तळेगावचे वैशिष्ट्य असे की, तेथे काचेबरोबर काच करणारी माणसेही घडविली गेली, आणि तेथे शिकलेले तरुण देशातील निरनिराळ्या काच कारखान्यांत पसरले. कारखाना हीच शाळा असते, तेव्हा विद्या एका मालकाच्या तिजोरीत अडकून पडत नाही. ओगले बंधूंनी १९१६ साली आपला काच कारखाना काढला आणि पुढे त्यांच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील असंख्य घरे उजळली. त्या काळी महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक खुंटली होती. टंचाईने संधी दिली हे खरे, पण ज्याच्या हातांत विद्या होती त्यालाच ती घेता आली. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

चौथे कारण शेजाराचे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली असे दाखवून दिले की, एकाच धंद्याची माणसे एके ठिकाणी राहू लागली की त्या धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत. लहान मुलेही ती नकळत शिकतात. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांचे त्यांना प्रोत्साहन होते. एकाच्या घरी माग चालतो असे दिसताच शेजाऱ्याने तो बसविला, आणि पाहता पाहता ते गाव वस्त्रनगरी झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही हेच दिसते. गुऱ्हाळाचा चरक आणि विहिरीवरचे इंजिन बिघडले की शेतकरी मिस्त्रीकडे येई. मिस्त्री आधी दुरुस्ती करी, मग सुटा भाग घडवी, मग त्या भागासाठी ओतशाळा काढी. आज त्या परिसरातील ओतशाळांचा माल मोटारउद्योगाला जातो. या प्रवासाचा आरंभ एखाद्या योजनेत शोधू गेल्यास सापडणार नाही. तो दारात तातडीने उभ्या असलेल्या शेतकऱ्यात सापडेल. ऊस तोडून पडला आहे, आज चरक चालला पाहिजे, असे म्हणणारा अडलेला ग्राहक हा लहान उद्योगाचा सर्वांत कठोर आणि सर्वांत चांगला गुरू होय.

आतापर्यंत वस्तूंविषयी बोललो. सेवेची गोष्ट थोडी निराळी आहे. नांगर करून ठेवता येतो, सेवा साठवून ठेवता येत नाही. ती देताना घेणारा समोर असतो आणि चूक झाली तर ती तत्क्षणी दिसते. म्हणून सेवेतील नवनिर्मिती बहुधा यंत्रात आढळत नाही, व्यवस्थेत आढळते. मुंबईचे डबेवाले हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे आली. डब्याच्या झाकणावरची अक्षरे, आकडे आणि रंग यांवरून तो कोठल्या स्थानकावर उतरवायचा, कोठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर पोहोचवायचा, हे कळते. अल्पशिक्षित माणसालाही चुकता येऊ नये अशी ही लिपी आहे. परदेशी विद्यापीठे तिचा अभ्यास करतात, पण एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. येथे डबे वाहणारे पगारी नोकर नसतात, आपापल्या गटातील मिळकतीचे भागीदार असतात. डबा चुकला तर नुकसान स्वतःचे, म्हणून सुधारणेची तळमळही स्वतःची. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा या व्यवसायावर कोसळलेले संकट फार मोठे होते. उत्तम व्यवस्थाही ज्या रुळांवर धावते ते रुळच थांबले तर हतबल होते, हा धडाही तिच्याकडूनच घेतला पाहिजे.

गिरगावातील सात भगिनींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. तीच पुढे ‘लिज्जत’ या नावाने ओळखली जाणारी संस्था. त्या भगिनी बहुतांशी गुजराती होत्या, पण मुंबईच्या चाळींनी त्यांना आपल्याच मानले. त्यांची युक्ती साधी होती. पीठ एके ठिकाणी मळावयाचे म्हणजे चव एकच राहते. लाटणे घरी करावयाचे म्हणजे संसार सोडावा लागत नाही. आणि प्रत्येक भगिनी मालकीण, म्हणजे पापड जाड-पातळ होऊ नये ही प्रत्येकीची काळजी. पापड ही काही नवी वस्तू नव्हे. नवी होती ती जुळणी.

आणि या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. संगीताला उद्योग म्हणणे कोणास रुचणार नाही, आणि तसे आम्ही म्हणतही नाही. परंतु विद्यादान ही सेवा आहे आणि तिची रचना बदलणे ही नवनिर्मितीच होय. १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज निघाले, त्यात राय उमानाथ बली आदी स्थानिक मंडळींचे मोठे साहाय्य होते. घराण्याच्या उंबरठ्याआड राहिलेली विद्या स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, वर्ग आणि परीक्षा यांच्या द्वारे कोणत्याही घरातील मुलामुलीपर्यंत पोहोचली. आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ती परंपरा पुढे दीर्घकाळ सांभाळली. तीच संस्था आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. मराठी माणसाची योजकता आणि अवधची रसिकता यांचे हे फळ आपल्या डोळ्यांसमोर आहे. परमुलखात जाऊन काही उभारावयाचे तर तेथल्या मातीतला सहकारी शोधावा, हा त्यातील बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता या शहराच्या स्वतःच्या धंद्याकडे येऊ. चिकनचा कुर्ता आपण घेतो तेव्हा तो किती हातांतून आलेला असतो? कापड बेतणारा, शिवणारा, लाकडी ठशांनी नीळ लावून नक्षी उमटविणारा छापेवाला, लखनौ आणि आसपासच्या गावांत घरी बसून टाके घालणाऱ्या स्त्रिया, शेवटी नीळ काढून कापड उजळ करणारा धोबी. टेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाळी अशी टाक्यांची नावेच किती गोड! तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री आणि धागा न उसवता सुईने कापडात पाडलेली जाळी पाहिली की, हे हातांनी केले यावर विश्वास बसत नाही.

पण आपण वर सांगितलेल्या कसोट्या येथे लावून पाहू. कसब आहे, शेजार आहे, बाजार आहे. तरीही वर्षानुवर्षे या धंद्यात मोठा भाग जुन्याच, किंबहुना अधिकाधिक सोप्या टाक्यांचा का राहिला? कारण जी टाका घालते तिला ग्राहक भेटत नाही. तिच्या आणि दुकानाच्या दरम्यान मध्यस्थांची साखळी असते. नगावर मजुरी ठरलेली असते, आणि बारीक टाक्याला लागणारा वेळ त्या मजुरीत धरलेला नसतो. अशा स्थितीत तिने नवा टाका का काढावा? सुधारणा करणाऱ्याला सुधारणेचा वाटा नसेल, तर सुधारणा थांबते. डोळे तिचे जातात आणि नाव दुकानाचे होते. हे केवळ करुणेचे नव्हे, अर्थशास्त्राचेही सत्य आहे.

याचा पुरावा उलट्या बाजूनेही मिळतो. १९८४ साली रूना बॅनर्जी आणि सहबा हुसेन यांनी येथे ‘सेवा लखनौ’ ही संस्था काढली. मध्यस्थ वगळून कारागीर स्त्रियांनी स्वतः माल करावा व स्वतः विकावा, ही तिची कल्पना. प्रदर्शनात ग्राहकासमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीला कोणती नक्षी पसंत पडते, कोणती नाही, हे प्रत्यक्ष कळू लागले. मंदावलेले बारीक टाके पुन्हा घातले जाऊ लागले. त्यासाठी नवे यंत्र आले नाही. कारागीर आणि ग्राहक यांच्यामधली भिंत तेवढी दूर झाली. २००८ साली लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले, आणि २०१८ साली राज्य सरकारच्या ‘एक जनपद एक उत्पाद’ योजनेत तिचा समावेश झाला. तरीही यंत्रावर काढलेले नकली चिकन स्वस्तात विकले जातेच. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली तेच संरक्षण मिळाले, तरी जून २०२५ मध्ये एका इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात तिच्याच धर्तीचे जोडे झळकले आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले गेले नाही. कायद्याची ढाल हाती असते, पण ती उचलण्यास संघटित हात लागतात.

अडथळ्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. लहान उद्योगाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे थकलेली येणी. ज्याचा पैसा मोठ्या गिऱ्हाइकाकडे सहा सहा महिने अडकला आहे, तो नव्या साच्यावर खर्च कशाच्या जोरावर करणार? २००६ च्या कायद्याने अशा उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीने, सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेळेत न फेडणाऱ्यास त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळेनाशी झाली. तरतूद चांगली आहे, मात्र गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तक्रार करण्यास धजावणारे थोडे. दुसरा अडथळा मनाचा. ‘आमच्याकडे असेच चालते’ हे वाक्य ज्या कार्यशाळेत उच्चारले जाते, तेथे कामगाराला सुचलेली कल्पना त्याच्या मनातच विरून जाते. यंत्राचा बदललेला आवाज आधी कामगाराला ऐकू येतो, मालकाला नव्हे. जो मालक त्याला विचारतो, त्याचा कारखाना पुढे जातो.

तर मग सार काय? नवनिर्मितीला दाम लागतो, पण केवळ दामाने ती होत नाही. अडलेला ग्राहक प्रश्न विचारतो, शिकलेला हात उत्तर शोधतो, शेजार ते उत्तर पसरवितो, सबुरीचे भांडवल त्याला वेळ देते आणि फळातला न्याय्य वाटा त्याला पुन्हा पुन्हा जिवंत ठेवतो. या पाचांपैकी शेवटचे तुटले की उरलेली चार काही काळ ओढत राहतात आणि मग थकतात.

उद्योग हा आपला प्रांत नव्हे, हे म्हणणे आता कोणी करू नये. सायकलीच्या दुकानातून निघालेला नांगर आणि एकेका पैशातून पेटलेली भट्टी आपल्याच माणसांची होती. आपली मुले पुणे, बंगळूर आणि परदेश येथे जातात, जावोत बापडी. पण त्यांपैकी एखाद्याने याच शहरात काही स्वतंत्र उभारण्याची इच्छा बोलून दाखविली, तर ‘आधी चांगली नोकरी बघ’ हे उत्तर देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. मंडळाने अशा तरुणांसाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावा. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, हिशेबतपासनीस आहेत, त्यांचा अनुभव विनामूल्य मिळावा. गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने कारागीर भगिनींना थेट आमंत्रण देऊन त्यांच्या हातचे काम त्यांच्याच हातून विकत घ्यावे, आणि टाका घालणारीला त्या टाक्याचे नाव विचारावे. एवढे केले तरी या शहराने आपल्याला पन्नास वर्षे जे दिले, त्याची थोडीशी परतफेड होईल.